पहिला हात

फजरची अजान संपली की लगेच नळ सोडायचा.
ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत आटपलं पाहिजे,
नाहीतर शाम्पू पत्र्यावरच वाळतो
आणि पांढऱ्या गाडीवरचे पांढरे डाग
शोधत बसावं लागतं,
तांदळातले खडे शोधावेत तसं.

सोहारमधलं हे अंगण माझं नाही.
वरच्या दोन खोल्या भाड्याच्या,
अंगण अबू खलफानचं, नळही त्याचाच.
काल मुल्किया दाखवली तेव्हा म्हातारा म्हणाला,
"सिस्टर, पाणी हवं तेवढं घे. समुद्र काय, सगळ्यांचाच."
खरंय. इथं समुद्र गाळून गोड करतात.
पहिल्या वर्षी मी नळाखाली जीभ धरून पाहिली होती,
मीठ कुठं लपलंय म्हणून.

दोन बादल्या. एक फेसाची, एक नुसत्या पाण्याची.
हातमोजा फेसातून गाडीवर,
गाडीवरून साध्या पाण्यात, पिळून परत फेसात.
हे मला इथं कुणी शिकवलं नाही.
हिरण्यकेशीच्या घाटावर वडील धुवायचे
बाबर शेठचा ट्रक, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून.
बावीस वर्षं क्लिनर.
स्टेअरिंगला हात लागला तो फक्त पुसताना.
म्हणायचे, गाडी टपापासून खाली धुवावी,
माणसानं पायापासून वर.
आणि भुईला पडलेलं फडकं परत गाडीला लावू नये,
त्यात एक खडा असतोच.

असतोच.
ड्रम टेस्टला मी चार वेळा नापास.
गाडी उलटी घेताना डावा ड्रम हलायचा,
अगदी एवढासा,
आणि पोलीस मान वर न करता
कागदावर काहीतरी लिहायचा.
पाचव्यांदा ड्रम हलला नाही.
मीही हलले नाही.
"खलास, खलास, उतर," तो म्हणत राहिला.

मग ते बांगड्यांचं.
अंगठी, घड्याळ, बांगड्या,
रंगाला लागेल ते सगळं आधी काढून ठेवायचं.
सहा हिरव्या, गणपतीत भरलेल्या.
हाताला फेस होता, सुटल्या सहज.
नळाशेजारी कठड्यावर ठेवल्या ओळीनं.

वॅक्सचा वास खोबरेल आणि डांबरगोळी यांच्या मधला.
बॉनेटवर लहान लहान गोल, पातळसा पहिला हात.
जास्त लावलं की चमकत नाही, नुसतं चिकटतं.
डबीवर हे वॅक्सबद्दलच लिहिलंय.
मग थांबायचं.
त्याच्यावर धुकं धरतं.
बोट ओढून स्वच्छ रेघ उमटली
की पुसायला घ्यायचं.

नेमका तेव्हाच फोन.
"दाखव की गाडी," धनाजी म्हणाले.
दाखवली. टायर, डिकी,
सीटवरचं न काढलेलं प्लास्टिक.
"झकास." मग मागून सासूबाई:
"अगं, हात भुंडे कसे?"

"ओरखडा येईल गाडीला," मी म्हणाले.

तिकडं जरा वेळ कुणीच बोललं नाही.
फक्त त्यांच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, "बरं. चाकाखाली लिंबू ठेवलंस का?"

लिंबू नव्हतं.
अबू खलफानची नात मय्या आत पळाली
आणि घेऊन आली त्यांच्या रश्शातलं,
काळं, वाळलेलं, सुपारीएवढं हलकं.
चाकाखाली ते चिरडलं नाही.
कटकन फुटलं.
मय्याला इतकं आवडलं
की आणखी तीन फोडायला लावली.

पुसून झाल्यावर बॉनेटमध्ये
विजेची तार, एक कावळा, आणि माझं तोंड,
जरा रुंद, जरा वाकलेलं,
कपाळ थेट वडिलांचं.
पाच वर्षांचे हप्ते आहेत या कपाळावर.

फाटकाबाहेर काढली,
मासळी बाजारापर्यंत म्हणून.
वळताना आरशात दिसल्या,
कठड्यावर, उन्हात, सहा हिरव्या.
थांबले असते,
पण रिव्हर्स घ्यावी लागली असती.