पांढऱ्याची नोंद

हात वर करा, मी म्हणते.
सत्तेम्मा येमूल, वय एकसष्ट, विडी घरकुल.
हात खांद्यापर्यंत येतो आणि थांबतो
लाइट गेल्यावर माग थांबतो तसा,
धोटा मधोमध.

आता छाती. श्वास घ्या. धरा. हलू नका.
सोडा.

पडद्यावरचं मला आधी दिसतं,
सांगायचं मात्र डॉक्टरांनी.
हाड पांढरं, हवा काळी, मांस राखाडी,
हे पहिल्याच वर्षी शिकले.
पुढची एकोणीस वर्षं गेली
जिथं पांढरं नको तिथलं पांढरं ओळखण्यात.

हिच्या खांद्याच्या दोरीत तांदळाची कणी.
हृदयावरून वळणाऱ्या मोठ्या नळीच्या कमानीला
नखाच्या कोरीएवढी रेघ.
आणि उजव्या फुप्फुसात, वर, एक जुना ठिपका.
लहानपणी खोकला होता का फार?
"होता की. वर्षभर सुया टोचल्या, मग गेला."

ती विचारते, आमचं पाणी जड आहे ना, पोरी?
नळाला पाच दिवसांनी, तोवर बोअरचं.
बादलीला आतून पापुद्रा धरतो,
चिंचेनं घासला तरी हंडा उजळत नाही.
तेच बसलं का आत?

पाण्याला बोल लावू नका, हिरेमठ डॉक्टर म्हणतात,
दूधही सोडू नका घाबरून.
आत बारीक आग आहे, पुष्कळ वर्षांची.
भडकत नाही म्हणून कळत नाही,
विझत नाही म्हणून शरीर थकतं
आणि तिच्याभोवती चुना लिंपत बसतं.

"चुना तर मी तंबाखूलाही लावते,"
सत्तेम्मा हसते.
डॉक्टर हसत नाहीत. ते तिच्या सुजल्या हिरड्या बघतात,
साखरेचा कागद बघतात,
हजार विड्या वळून पिवळी पडलेली बोटं बघतात.
चुलीत लाकूड कुठून कुठून जातंय, ते मोजत असावेत.

मी रात्री त्यांचं एक पुस्तक चाळलं होतं.
त्यात होतं, की दाह फार दिवस राहिला
तर नळीच्या भिंतीतल्या मऊ पेशी
आपलं काम विसरतात,
हाडाचं काम शिकतात.
तिथंच मी पुस्तक मिटलं.

आमच्या अप्पांची मिल बंद पडली तेव्हा
त्यांनी दोन वर्षं वाट बघितली.
मग चादरीची नक्षी डोक्यात धरून बसलेला माणूस
जुळे सोलापुरात बंगल्यांवर घमेली वाहू लागला.
पुढं थापी आली हातात.
विणकराचा गवंडी झाला, चांगला झाला,
भिंत ओळंब्यात उभी करायचा.
फक्त त्याच्या बोटांना नंतर
तुटलेला धागा सापडत नसे.
कुणी वाईट नव्हतं त्यात. पेशीही वाईट नसते.
तिला वाटतं, घर जळतंय, काहीतरी बांधू या.

आणि तो वरचा ठिपका?
तोही चुनाच. पण त्यानं पन्नास वर्षं
एक जुना रोग कोंडून धरलाय,
त्याला कोण नावं ठेवणार.
तीच पांढरी पूड. एकीकडे पहारेकरी,
एकीकडे नळीचा लवचीकपणा खाणारी.
मी रिपोर्टवर दोन्ही एकाच शाईनं लिहिते,
शाई एकच आहे माझ्याकडे.

गोळ्या दिल्यात. दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिलीय.
तंबाखू सोडायला सांगितलंय,
विड्या कशा सोडायच्या ते कुणी सांगितलं नाही.

बाहेर चव्वेचाळीस अंश. डांबर चपलेला धरतंय.
सत्तेम्मा पिशवी काखेत मारून दारापर्यंत जाते,
परत येते.

"इथं गार आहे, पोरी."

मशिनसाठी एसी लावलाय, माणसांसाठी नाही,
असं सांगायचा नियम आहे.
पुढचा नंबर बाहेर कपडे बदलतोय.
मी स्टूल पुढं सरकवते.
बसा, म्हणते. दहा मिनिटं.