वस्तू कामाला गेली आहे

निपाणीत जुन्या तंबाखूच्या वखारीत
आमचं तालुक्याचं संग्रहालय.
भिंतींना तीनदा चुना दिला,
तरी पहिल्याच दालनात पाहुणे शिंकतात.
मी म्हणते, शिंका खुशाल,
इथं इतिहास आधी नाकाला कळतो.

महिन्याच्या चौथ्या रविवारी
‘घरची वस्तू घेऊन या’ असा कार्यक्रम.
सतरंजी, दोन टेबलं, चहाची किटली
आणि माझ्या मांडीवर नोंदवही:
काय, कुणाचं, किती जुनं,
मराठीत एक ओळ, कन्नडात एक ओळ.
कन्नड ओळ इराप्पा पेंटर सांगतो, मराठी मी.
चुका दोघं मिळून करतो.

त्या रविवारी हुसेनबी बागवानांचं पानदान आलं.
सदलग्याहून एकजण घोड्याचा नाल घेऊन आला,
घोडा कुणाचा, त्याला ठाऊक नव्हतं,
पण सरकारी होता म्हणे.

सगळ्यात शेवटी तायव्वा घस्ती.
पदराच्या गाठीतून पत्र्याचा चौकोन काढला,
तळहाताहून लहान,
कडा झिजून चांदीसारख्या.
फर्मा.
तेंदूच्या पानावर ठेवायचा, भोवतीनं कात्री फिरवायची.

जिल्ह्याच्या साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.
“शंभर वर्षं नाही झाली याला, आजी. साधा पत्रा.
पुढं कोण आहे?”

तायव्वा हलली नाही.
“पंचेचाळीस वर्सं बिड्या नेऊन टाकल्या फळीवर.
रोजच्या हजारात शंभर छाट.
बांधा सैल, छाट. तोंड वाकडं, छाट.
छाटीचं पैसं न्हाईत, आन् छाट बिडी परतबी न्हाई.
आता हिथंबी छाटच काय ओ, सायेब?”

किटलीचं झाकण तेवढं वाजलं.

मागं भिंतीला टेकून काही बाया होत्या,
नातवंडांच्या चित्रकलेसाठी आलेल्या.
त्यातली एक म्हणाली, “कात्री हाय काय गं कुणाकडं?”
कात्री निघाली. पानं नव्हती,
तर आमची कार्यक्रमपत्रिकाच कापली,
फर्म्याच्या मापानं, सरासरा,
उद्घाटकांचं नाव मधोमध चिरत.
बघता बघता सतरंजीवर गोल झाला,
गुडघ्याला गुडघा,
आणि तोंडं हातांपेक्षा जोरात.
पोरं कागदाच्या बिड्या वळू लागली,
आत काहीच नाही, वखारीची धूळ असेल तर असेल.
बाया अंगठ्यानं दाबून बघायच्या,
“छाट!” म्हणून ओरडायच्या, हसून लोळायच्या.

साहेबांनीही एक वळली.
तायव्वानं ती उजेडाला धरली, फिरवली, दाबली.
“छाट,” म्हणाली. हसली नाही.
आणि परतही दिली नाही,
पदराच्या गाठीत बांधून टाकली.

नोंदवहीत साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: फर्मा, एक.
किती जुना, ही जागा मोकळी सोडली.
मी फर्म्यासाठी हात पुढं केला
तर तायव्वा चप्पल शोधत होती.
“ठिवून कसा जाऊ? उद्या पाचशे द्यायच्यात.
चौथ्या ऐतवारी आणीन की.”

म्हणून तिसऱ्या कपाटात काचेमागं
मखमलीचा एक रिकामा तुकडा आहे,
आणि पाटी: वस्तू कामाला गेली आहे.

खाली इराप्पाची कन्नड ओळ.
परवा एक मास्तर ती वाचून थबकले, म्हणाले,
चूक आहे, वस्तूला ‘होगिदे’ म्हणतात,
तुम्ही लिहिलंय ‘होगिद्दाळे’,
ते बाईमाणसाला.

इराप्पाला निरोप दिला.
तो शिडीवर होता, सोसायटीचा बोर्ड रंगवत.
खाली न बघता म्हणाला,
ठाऊक हाय.