दे

एकोणीस हिवाळे लागले ब्राझासला
बाराही सर्ग लिथुआनियनमध्ये आणायला.
मग तो गेला, आणि पहिलं पान
कोरंच राहिलं.

छापखान्यातला जुळारी, तौत्विदास, दारात उभा.
बुटांवर नेमुनासकाठचा अर्धवट वितळलेला बर्फ.
"बाई, सगळं जुळवून झालंय.
पुस्तकाचं नाव तेवढं सांगा."

लिउद्विका फळीवरून परक्यांची पुस्तकं उतरवते.
जर्मनांनी नाव होतं तसंच ठेवलंय,
प्रथमेत, ताठ,
कोट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखं.
इटलीत त्याला शेवटी एक स्वर मिळाला, दार उघडं राहावं म्हणून.
फ्रेंचांनी तोच स्वर लिहिला आणि उच्चारला नाही.
पोलंडनं 'आ' लावून सरळ आपली मुलगी केलं.

लॅटिनमध्ये ते नाव बाईचंच.
पण कौनासमध्ये 'इस'वर संपतात ते पुरुष:
भाऊ, झाड, अगदी सुरीसुद्धा.

शिवाय तो दे.
प्रथमेत कुठेच दिसत नाही.
षष्ठी लागली, नाव कुणाचं तरी झालं,
की बाहेर पडतो,
अस्तरात शिवलेल्या नाण्यासारखा.

हे तिला कुणी शिकवायला नको.
लग्नाआधी ती नोर्कुते, शेपटाला बाप.
मग ब्राझिएने, शेपटाला तो.
आता तो मातीत,
आणि दारावरच्या पितळी पाटीवर
नुसती 'ची' उरलीय.

हस्तलिखिताच्या समासात त्याची पेन्सिल:
दोन नावं, दोन्ही खोडलेली,
खाली, 'लिउद्विकाला विचार.'
त्यानं विचारलं नव्हतं.
किंवा विचारलं असेल,
ती बीट सोलत असताना,
आणि तिनं "हं" म्हटलं असेल.

तौत्विदास टोपी चुरगाळतो.
"एक अडचण आहे. मोठ्या टायपातला दे
लग्नपत्रिका छापून छापून झिजला.
पे उलटा लावतो आम्ही, कुणाला कळत नाही.
पण दे नसलेलं नाव असेल, तर बरंच सोपं."

किटली शिट्टी घालते. ती घालू देते.
रस्त्यावर कोळशाची गाडी थांबते, कुणीतरी
वरच्या मजल्यावरच्या रेगिनाला हाका मारतं.

त्याच्या मुठीत तो खिळा आहे,
शिशाचा, गार,
डोक्यावर उभा केला की दुसराच होणारा.

लिउद्विका हात पुढे करते.
"दे," म्हणते.