सोडलेला चेंडू

मुरगाव बंदरात रुमानियाचं जहाज लागलं
ते चौसष्ट साल. पोर्तुगीज जाऊन तीन वर्षं झाली होती,
रुझार कुलासोच्या तोंडातून मात्र गेले नव्हते.
मी टॅली क्लार्क. आठवडाभर बार्जी मोजायचो
आणि रविवारी सड्यावरच्या मैदानात,
त्याच खनिजाच्या लाल धुळीत,
मॅचची वही लिहायचो.

जहाजाकडून माणसं दहाच निघाली.
अकरावा म्हणून त्यांनी आचाऱ्याला ओढून आणलं.
साठी उलटलेली, पोट सुटलेलं.
अॅप्रन काढून त्यानं गोलाच्या खांबाला टांगला.
नाव विचारलं, तर माझ्या तळहातावर
बोटानं एकेक अक्षर काढून दाखवलं:
ऑरेल द्रागोमिर.
बोटाला लसणाचा वास होता.

आमचा बॅक रुझार, क्रेनवर कामाला,
अंगानंही क्रेनच.
त्याला म्हटलं, म्हाताऱ्यावर लक्ष ठेव.
"कित्याक? तो उबोच आसा."
आणि खरंच, चाळीस मिनिटं तो नुसता उभा.
कमरेवर हात,
बस येणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा.

मग उजवीकडून चेंडू आला, सरपटत.
आचाऱ्यानं पाय उचलला.
रुझार सगळ्या वजनानिशी आडवा झाला,
आमचा गोलकीपर त्याच्या पायाच्या दिशेनं झेपावला,
आणि पाय
होता तिथे परत ठेवला गेला.
चेंडू खालून निघून गेला
मागच्या पोराकडे. इंजिनरूममधलं पोर,
कानामागे अजून ऑइल. त्यानं नुसता ढकलला.

टाळ्या पोराला. वहीत नाव पोराचं.
'सोडला' असा रकाना वहीत नसतो.

संध्याकाळी फिलूच्या तावेर्नात
ऑरेलनं चार बोटं वर केली. "पात्रु."
"क्वात्रु!" रुझार ओरडला.
फेस्ताला दूरची दोन भावंडं भेटावीत
तसे ते शब्द एकमेकांकडे बघत राहिले.
चार वेळा देशाचा शर्ट.
"उन गोल." "उं गोलु."
चारांत एक.

नदीकाठच्या गावात इंजिनांचा कारखाना, तिथे तो फिटर.
मॅचला जायचं तर लाकडी बाकावर तीन दिवस,
बूट मांडीवर, कोणी चोरू नयेत म्हणून.
रजा बिनपगारी.
चेंडूला तेव्हा चामड्याची वादी असायची.
त्यानं टोपी मागे सारली,
कपाळावरचा टाक्यांचा व्रण दाखवला:
हाच तो गोल.
पेपरात दुसऱ्याच्या नावावर छापला.
चौथ्या मॅचनंतर बोलावणं आलं नाही.
का? खांदे उडवले.
मग लढाई. मग बायको, मग बायको नाही.
मग चापा.
रुझारला जरा वेळ लागला: सेबोला.
कांदे.
बत्तीस माणसांचे, रोजचे.

फेणीचा दुसरा ग्लास त्यानं उपडा ठेवला,
पहाटे पाव भाजायचा होता.

जहाज अकरा हजार टन घेऊन गेलं.
तो आकडा मला अजून पाठ आहे,
कशाला पाठ आहे कोण जाणे.

परवा दाबोळीला रुझारकडे गेलो.
गुडघे गेलेत, आवाज तसाच.
नातवाला फणसाखाली उभा करून शिकवत होता:
पांय उखल. आतां सोड.
परत.
पोरगं वैतागलं, "पूण मागीर गोल कोणाचो?"
रुझारनं माझ्याकडे बघितलं.
वही माझ्याकडे असायची म्हणून.

म्हटलं, वही वाळवीनं खाल्ली,
झाली की बरीच वर्षं.
"बरें जालें," रुझार म्हणाला,
आणि काठीनं चेंडू पुन्हा नातवाकडे सरकवला.