जो येईल तो

भद्रकालीत मुनीरभाईंच्या दुकानी
भिंतभर टांगलेली आमिषं:
पायांना झालर लावलेले रबरी बेडूक,
डोळे रंगवलेली प्लास्टिकची पिल्लं,
फिरक्या, पिसं, लाल शेपटीचा एक किडा
जो कुठल्याच किड्याच्या नात्यातला नसावा.
मुनीरभाई विचारतात, मासा कोणता?
मी म्हणतो, जो येईल तो.
ते चष्म्यावरून बघतात,
जसं मुलगी बघायला आलेल्यानं
कुणीही चालेल म्हणावं.

बेडूक मरळीचा, ते सांगतात,
हे वजनाचं तळातल्या शिंगाळ्याचं,
ही फिरकी बारक्यांची.
ज्याचं त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, बाबा.
बेरीज सातशे ऐंशी.
माझ्या खिशात दोनशे
आणि पगार दहा तारखेला.
मी नुसते तीनकाटी गळ घेतले, चार कड्या,
आणि तंगूस.

अंबडला आमच्याकडे पितळेची कामं होतात.
कातरण भंगारच्या पिंपात जाते.
जेवणाच्या सुट्टीत त्यातली एक पट्टी काढली,
बोटाएवढी, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती,
लाकडाच्या खळग्यात ठेवून ठोकत बसलो.
खोल झाली तर जड जड डुलते,
सपाट राहिली तर सरळ पळते, कुणाकडे न बघता.
मधलं माप कुठल्या ड्रॉइंगवर नसतं.
मी टिचकी मारून ऐकत होतो
तेव्हा मागून नेरकर साहेब:
याचा जॉब नंबर काय?

मी गप्प.
त्यांनी ती उचलली, उजेडात तिरकी धरली,
फिरवली, पुन्हा फिरवली.
सगळी घासू नकोस, म्हणाले.
अर्धी काळी राहू दे.
गढूळ पाण्यात नुसती चमक खोटी वाटते.
आणि जाता जाता, आवाज उतरवून:
माझ्यासाठी एक.

शनिवारी चेहेडीच्या पुलाखाली
दारणा जलपर्णी बाजूला सारत येत होती.
शेजारी सुकदेवअण्णा, कणकेचा गोळा मळत.
त्यात हिंग, बडीशेप आणि काहीतरी गुपित.
रोहू-कटला तुझ्या पितळेला भीक घालणार नाहीत, ते म्हणाले.
खरंच होतं ते.
सगळे मासे म्हणजे सगळे नव्हेतच.
हे मुनीरभाईंना सांगायला हवं होतं:
जो येईल तो, म्हणजे ज्याला भूक आहे
आणि जो पळणाऱ्यामागे पळतो, तो.

फेकली.
ती कुणासारखीच दिसत नव्हती,
ना चिंगळी, ना बेडूक, ना पिल्लू.
पाण्यात लंगडत होती फक्त,
आणि लंगडणारं काहीही
सगळ्यांच्याच ओळखीचं असतं.

भरभर ओढली वरच्या वर,
एक चिलापी आली, रागावल्यासारखी, तळहाताएवढी.
सोडली.
मग गवताच्या कडेनं, थांबत थांबत;
पाणी एकदाच फुगलं, मरळच असणार,
मी घाई केली. गेली.
दुपारभर काही नाही.
अण्णांनी भाकरी दिली, पिठल्यात बुडवून,
पुलावरून ट्रक जात राहिले पुण्याकडे.

उन्हं उतरताना ती तळाला जाऊ दिली,
चिखलाला टेकेपर्यंत, आणि उचलली हळूच,
झोपलेल्याच्या अंगावरची चादर ओढावी तशी.
तंगूस ताठ.
शिंगाळा दीड किलोचा,
हातात घेतल्यावर कुरकुरला चक्क.
त्याला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

आमिष एकच होतं दिवसभर.
बदलत होतं ते मनगट.

घरी येऊन दिव्याखाली धरली:
काळ्या बाजूवर ओरखडे, पाच-सहा.
कुठला कुणाच्या दातांचा
आणि कुठला दारणेतल्या दगडाचा,
सांगता येत नाही.
नेरकर साहेबांची अजून करायची आहे.
थोडी कमी खोल करावी म्हणतो,
त्यांना धीर नाही.