चार बोल्ट

चौथ्या दिवशी मी बेलर उघडायला गेलो.
नोव्हेंबर. सस्कॅचवानचं सपाट रान,
पार नजर पोचेल तिथवर कापल्या गवताचे खुंट
आणि त्यावर मीठ भुरभुरावं तसं हिव.
मेट्रोने कॉफी दिली, मशीनकडे पाहिलं नाही.
म्हणाला, "साठ गठ्ठे राहिलेत.
बर्फाच्या आत उरकलं तर बरं."

रोलर कुणीतरी धुतले होते.
धुतलेलं पाणी पत्र्यावर गोठलं होतं, गुलाबी.
फटीत निळी लोकर.
मी चिमट्याने एकेक धागा ओढत बसलो,
स्वेटर उसवत असल्यासारखा.

ओरिसिया कोवबेल, वय एकसष्ट.
उजवा हात कोपरापर्यंत आत,
ट्रॅक्टर धडधडत चालू, नवरा लिलावाला गेलेला.
शिअर बोल्ट तुटला म्हणून रोलर थांबले.
तो बोल्ट मुद्दाम मऊ पोलादाचा करतात.
पुढचं मोठं काही मोडायच्या आत
आपण मोडायचं, एवढंच त्याला काम.
तो मी बसवला होता.
ही माझी जमेची बाजू.

चार तास. उणे अकरा.
पुढे तिनेच सांगितलं, कालचं हवामान सांगावं तसं.
डाव्या हाताने खिशातला चाकू काढला, बाही कापली.
गठ्ठ्याची सुतळी दंडाला आवळली,
एक टोक दातात.
कुत्र्याला म्हटलं घरी जा. गेला नाही.
लघवी झाली. "घटकाभर ऊब आली," म्हणाली,
"मग दुप्पट गार."
देवाला हाका मारून झाल्या, मेट्रोला शिव्या देऊन झाल्या.
डोळे मिटायला लागले तशी
रस्त्यालगतच्या घरांची नावं घ्यायला लागली,
घरं येतात त्या क्रमाने.
श्चुर्कोंच्या फाटकाशी अडायची.
परत पहिल्या घरापासून.

श्चुर्कोंचा नेस्तर, एकोणीस वर्षांचा.
कनोलाच्या कोठीत गोळा झालेलं धान्य फोडायला उतरला
आणि खालून धान्य सरकलं.
वासरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारा पोरगा.
वर काढला तेव्हा दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या,
आत दाणेच दाणे.

गावात म्हणतात, ओरिसिया चिवट, म्हणून वाचली.
मी मान डोलावतो.
पण मग नेस्तर काय कमी चिवट होता?
लोखंडात अडकलेल्याला निदान
लोखंडाशी भांडता येतं.

आता उधारीची बाजू.
रोलरपुढची जाळी जूनमध्ये मीच काढली होती.
गंजके बोल्ट चारही तुटले,
त्या मापाचे दुकानात नव्हते.
"पुढच्या आठवड्यात लावतो," म्हणालो.
जाळी अजून माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकलेली,
मागे मांजर व्यालेली.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
मेट्रोने विचारलं नाही.
त्या दिवशी नवा शिअर बोल्ट घातला, फिरवून पाहिलं,
आणि बिलावर आकडा लिहिता येईना.

एप्रिलमध्ये ती आली, पिकअप स्वतः चालवत.
कोटाची उजवी बाही दुमडून पिनेने टाचलेली.
कागदी पिशवीचं तोंड दातांनी उघडलं,
काउंटरवर ओतले
चार बोल्ट.
एक घरंगळत माझ्या वहीपाशी येऊन थांबला.

मी म्हणालो, "ओरिसिया, ती जाळी..."
"मापाचे आहेत का बघ."
होते.
"मग चल. आण ती. मी धरते, तू आवळ."

शेतात चिखल. वर हंसांची रांग परतत होती,
तिने वर पाहिलं नाही.
जाळी डाव्या हाताने आणि गुडघ्याने रोलरपुढे दाबून धरली,
त्याच रोलरपुढे,
आणि तिचा श्वास एवढा जवळ की
कॉफीचा वास आला.
पहिला, दुसरा, तिसरा.
चौथ्याला माझा पाना घसरला.
"झाला घट्ट," मी म्हणालो.

तिने जाळी हलवून पाहिली.
"अजून अर्धा फेरा."