त्याले सांगा लागते

पहाटे पाचला सावळीच्या गोठ्यात
पोट फुगलेल्या गाईच्या डाव्या कुशीत ट्रोकार घातला
आणि हवा सुटली,
अर्ध्या रात्रीपासून अडलेली,
शेजाऱ्याच्या कोवळ्या हरभऱ्याच्या वासाची.
गाय उठली. मला चहा मिळाला, काळा.

परतीला निघाले तर काचेमागे पिवळा दिवा.
तोंड उघडं मडकं, आत उद्गारचिन्ह.

फाट्यावर शालिक कुमरेचं दुकान:
एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं,
पळसाला टांगलेला टायर, तीच पाटी.
त्यानं चारही चाकांना मीटर लावलं.
"बावीस. बावीस. एकवीस. बावीस.
पंचर नाई मॅडम. थंडी हाय. हवा बी आकसते."
तेहेतीस भरली.
दिवा तसाच.

मी म्हटलं, बिघडला असेल.
"बिघडला नाई. त्याले मालूम नाई.
त्याले सांगा लागते."

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ बटण.
चावी फिरवायची, इंजिन सुरू नाही करायचं,
दाबून धरायचं, दिवा तीनदा मिचकावेपर्यंत.
मग वीस मिनिटं एका चालीनं चालवायची.
चाकं कशी फिरतात ते गाडी मोजते
आणि ठरवते, आजपासून बरोबर म्हणजे एवढं.

"याच्याआंधी कोनं दाबलं होतं?"

मीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी,
शेजारच्या सीटवर लसीचा डबा, बर्फ पाणी होत चाललेला.
दिवा लागला, मी बटण दाबलं,
हवा न भरता.
विझला. वाटलं, जमलं.

शालिक हसला नाही.
"मंग थो इतके दिवस कमीलेच बराबर समजून रायला."
पैसे घेतले नाहीत त्यानं.
शेळीसाठी जंताचं औषध मागितलं.

वीस मिनिटं म्हणजे दारव्ह्याच्या रस्त्यावर
काही न करता बसण्याइतका वेळ.
दोन्हीकडे तूर, पिवळी, ओली.
दवाखान्यात दुसरा परिचर नाही, दीड वर्ष झालं;
आता त्याची खुर्ची आम्ही औषधांच्या खोक्यांना दिली आहे.
आणि नागपूरला मावशीकडे ओवी,
जी दिवाळीपासून फोनवर
कधी येशील, विचारत नाही.
जेवलीस का, विचारते. अभ्यास झाला, सांगते.
ठेवू का, म्हणते.
मला वाटलं होतं, जमलं.

पुढे कापसाची बैलगाडी आली,
वेग तुटला. मोजणं अर्धवट राहिलं की काय,
कोणाला विचारणार?

दिवा विझलेलाच आहे.
तरी मैलाच्या दगडापाशी थांबले, उतरले,
आणि डाव्या मागच्या चाकावर
कुशीवर मारतो तशी
बोटांनी टिचकी मारून
कान लावला.